सकाळच्या फेरीतल्या सर्व सदस्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,
उपवन तलावाच्या फेरीला नेहमी येणारं कुणी आठ-दहा दिवस दिसलं नाही, तर "कुठे गायब?" असं ग्रुपवर विचारू नका. मन खचलेलं असेल, तर चारचौघांत उत्तर देणं त्या माणसाला फार जड जातं. एकट्याला फोन करा. उचलला नाही तर दोन दिवसांनी पुन्हा करा.

भेट झाली की ऐकून घ्या. "मन घट्ट कर", "तुला काय कमी आहे?" ही वाक्यं कृपया टाळा. माझ्या वाईट दिवसांत शेजारच्या काकू रोज डबा घेऊन येत आणि काही न विचारता अर्धा तास बसत. मला त्याचाच आधार वाटला.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर आत्महत्येचा विचार येतोय का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. धोका समोर दिसत असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागातही दाखवता येतं, सोबत कुणी हवं असल्यास मी येईन.

कुणाचंही नाव ग्रुपवर घेऊ नये.