हवाईची यादी छापण्याआधी कुणाला तरी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतलं हवाईचं पान वाचलं. ई-पेपरवर वाचलं, कारण सध्या मी मुलीकडे होनोलुलूला आहे, तेही मोइलीइलीत, म्हणजे तुमच्या लेखकाने जिथल्या "गल्लीतल्या धमाली"बद्दल लिहिलंय त्याच भागात. लेखक इकडे येऊन गेलाय असं वाचताना कुठेच वाटलं नाही, पण असो, पान सजवलंय मात्र छान.

आधी फोटो. दोन्ही टोकं पेटवलेली काठी गरागरा फिरवणारा माणूस आणि खाली लिहिलंय "पारंपरिक हुला", म्हणजे हवाईचा पारंपरिक नाच. अहो तो सामोआचा फायर नाइफ डान्स, हॉटेलातल्या लुआउत, म्हणजे हवाई पद्धतीच्या मेजवानीत, जेवणाबरोबर दाखवतात तो. मग मेरी मोनार्क, म्हणजे हुलाचा मोठा महोत्सव, जूनच्या यादीत, आणि होनोलुलूत! तो असतो हिलोला, दुसऱ्या बेटावर, विमानाने जावं लागतं, आणि ईस्टरच्या आठवड्यात असतो म्हणजे कधीच होऊन गेला, त्याची तिकिटं इथल्या लोकांनाच मिळत नाहीत, ते बिचारे टीव्हीसमोर बसतात. ज्या कालाकाउआ राजाच्या टोपणनावावरून तो चालतो त्याने 1883 ला आपल्या राज्याभिषेकाला सगळ्यांसमोर हुला करवला, आणि त्याआधी 1830 मध्ये काअहुमानू राणीने तो चारचौघांत करायला बंदी घातली होती, हे दोन ओळींत मावलं असतं. त्याऐवजी गवताचा स्कर्ट स्वस्तात कुठे मिळतो ते सांगितलंत. धन्यवाद.

11 जूनचा कामेहामेहा डे अर्ध्या ओळीत उरकला, "सुट्टी असल्याने बाजार बंद". बाजार उघडा असतो हो, राज्य सरकारची ऑफिसं बंद असतात. लोट राजाने 1871 ला आपले आजोबा पहिले कामेहामेहा राजे यांच्या नावाने हा दिवस जाहीर केला, तेव्हापासून चालू आहे. इओलानी पॅलेससमोर पुतळा आहे त्याला इतके लांब हार घालतात की फायर ब्रिगेडची शिडी लावावी लागते, आणि परेडमध्ये घोड्यांवर बायका असतात, प्रत्येक बेटाचा रंग वेगळा, ओआहूचा, म्हणजे होनोलुलू ज्या बेटावर आहे त्याचा, पिवळा. पण यात रील नाही ना बनत.

रीलवरूनच खरं लिहायला बसले. तुमचा सल्ला आहे, "बॉन डान्स चालू दिसला की बिनधास्त गोलात घुसा, व्हिडिओ झकास येतो." घुसा म्हणे!

मागच्या उन्हाळ्यात घराजवळच्या बौद्ध देवळात गेलो होतो. पटांगणात मधोमध यागुरा, म्हणजे लाकडी मचाण, त्यावर टायको, म्हणजे जपानी ढोल, वाजवणारे, तिथून चारी बाजूंना कंदिलांच्या माळा आणि भोवती नाचणाऱ्यांची रिंगणं. हे सगळं गेलेल्या माणसांसाठी असतं, उसाच्या मळ्यात राबायला 1885 पासून जे जपानी आले त्यांनी बरोबर आणलेलं. आमच्या शेजारच्या आंटींचे (इथे वयाने मोठी बाई म्हणजे आंटीच, नात्याची असो नसो) यजमान त्याच वर्षी गेलेले, म्हणजे त्यांचं ते पहिलं ओबोन (गेलेल्यांची आठवण करायचा जपानी सण, बॉन डान्स त्यातलाच). त्या नवऱ्याचा हाप्पी कोट (सणाला घालायचा सैल जपानी अंगरखा) घालून आलेल्या, बाह्या दुमडून दुमडून वर केलेल्या तरी घसरत होत्या. कोळशाच्या खाणीचं गाणं लागलं, त्यात दोनदा खणायचं, खांद्यावरून मागे टाकायचं, कपाळाला हात लावून वळून बघायचं, मग गाडी ढकलायची. मला हे सगळं आंटींनीच आधीच्या सरावाच्या संध्याकाळी शिकवलेलं.

आणि तेवढ्यात आमची माणसं आली, टूरवाल्यांची अख्खी बस. मराठी ऐकून मला आधी आनंदच झाला, तर एक साहेब मलाच म्हणतात, "काकू, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." आंटींना तर नुसतं हाताने हुसकलं. मग शिरले आत आणि उलट्या दिशेने चालायला लागले, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला धडकत. आंटींनी कोपराला धरून त्या साहेबांना सरळ दिशेला वळवलं, हसून. तर या पठ्ठ्याने आपला फोन त्यांच्याच हातात दिला, माझा व्हिडिओ काढा म्हणून! त्यांनी काढला, अख्खं गाणं संपेपर्यंत बाजूला उभं राहून, नवऱ्याच्या कोटात. मी त्यांच्या जागी असते तर तो फोन अंदागीच्या कढईत सोडला असता. (अंदागी म्हणजे ओकिनावाचे गुलगुले, लाइन मोठी असते, लवकर जा. हेही लेखात नव्हतं.)

बाहेरच्यांनी येऊ नये असं इथे कुणी म्हणत नाही, उलट बोलावून घेतात. फक्त काय छापायचं ते छापा. जून ते ऑगस्ट शनिवार-रविवार देवळं आपसात वाटून घेतात म्हणजे एकाचा कार्यक्रम शक्यतो दुसऱ्यावर येत नाही, आधी सराव असतो तिथे कुणालाही जाता येतं, पायऱ्या येत नसतील तर बाहेरच्या रिंगणात राहायचं, आतल्या बायकांचं बघून करायचं. पार्किंग मिळत नाही, बसने जा. जुलैत प्रिन्स लोट हुला फेस्टिव्हल असतो, त्याच लोट राजाच्या नावाचा, स्पर्धा नाही, तोही यादीत नाही. लुआउचे तिकीट दर मात्र तीन हॉटेलांचे आहेत. ती जाहिरात होती का? असेल तर वर तसं लिहा, म्हणजे आम्ही वाचणार नाही.

आणि आता लिहितेच आहे तर, ई-पेपर रोज सकाळी लॉगआउट का होतो? वर्षाचे पैसे एकदम भरलेत. गेल्या रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरंही कालच्या अंकात नव्हती, तिथे लुआउची चौकट होती. ती उत्तरं कधी छापताय?

आपली,
एक जुनी वाचक
(मूळ डोंबिवली, सध्या मोइलीइली, होनोलुलू)