सांगलीच्या घराचं काम, सगळ्यांनी वाचा

मंडळी, गावभागातल्या घराचं काम दिवाळीनंतर सुरू होतंय, तर माळ्यावरच्या आपापल्या ट्रंका, भांडीकुंडी त्याआधी घेऊन जा, नंतर कुठं जातील सांगता यायचं नाही. वायरिंग सगळं नवीन आणि बोर्ड जमतील तेवढे वर घेतोय, कारण 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी 45 ची, विसरलात काय? जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा नको, चुन्याचाच करायचा, सिमेंटनं ओल आत कोंडते नि पोपडे सुटतात. सागवानी दारं, तुळया मोडीत जाणार नाहीत (कुणीतरी भाव पण काढून आलंय म्हणे!). रंगावरनं नंतर भांडू. ओट्याची उंची किती ते काकू-वहिनींनी रविवारपर्यंत इथंच टाका, गवंड्याला विचारून ठरवायची गोष्ट नाही ती.