कादंबरीतले वाक्य कुणाचे, हे वाचकाला कळायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रतापनगर भागातील आमचे वाचक मंडळ गेली सहा वर्षे महिन्यातून एकदा कुणा एका सभासदाच्या घरी जमते. सर्वांनी एकच पुस्तक आधी वाचून यायचे आणि मग त्यावर बोलायचे, एवढाच आमचा नियम. गेल्या महिन्यात प्रथमच पुस्तकाबरोबर त्याचे लेखकही आले. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या १८१६ मधील निधनापासून १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले तोपर्यंतचा आणि त्यानंतरच्या सत्तावनच्या धामधुमीचा काळ त्यांनी कादंबरीत घेतला असून, तिच्या केंद्रस्थानी रघूजींच्या पत्नी बाकाबाई आहेत. लेखकाचे व कादंबरीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे पत्र त्यांच्या प्रसिद्धीसाठी नाही. त्या बैठकीत जो प्रश्न निघाला तो सर्वच ऐतिहासिक कादंबऱ्यांना लागू पडणारा आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्यांच्या घरी बैठक होती त्या काकूंचे बालपण भोसल्यांचा वाडा असलेल्या नागपूरच्या महाल भागात गेलेले, त्यामुळे भोसल्यांचा विषय त्यांना घरचाच. कूलरच्या आवाजात पाहुण्यांचे बोलणे नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तो बंद केला आणि एप्रिलच्या त्या संध्याकाळी एकवीस माणसे घाम पुसत अडीच तास सतरंजीवर बसून राहिली. सभागृहातल्या कार्यक्रमात सत्कार आणि प्रास्ताविक यांतच वेळ सरतो व प्रश्नांसाठी शेवटची पाच मिनिटे उरतात, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे. येथे पहिल्या मिनिटापासून प्रश्नच होते आणि विचारणाऱ्या प्रत्येकाच्या हातात खुणा केलेले पुस्तक होते.

त्यातला एक प्रश्न आमच्या सर्वांत लहान सभासदाचा, महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीचा होता. सत्तावनच्या उठावात बाकाबाईंनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठण्यापासून आवरले, त्या प्रसंगी कादंबरीत त्यांच्या तोंडी एक फार प्रभावी वाक्य आहे. ते वाक्य या मुलीला पूर्वीच व्हॉट्सअ‍ॅपवर बाकाबाईंच्या नावाने आले होते आणि वक्तृत्व स्पर्धेत त्यांचे उद्गार म्हणून तिने ते सांगितलेही होते. बाकाबाई खरोखर असे म्हणाल्या होत्या का, हे तिने सरळ विचारले. लेखक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "नाही. त्यांनी माणसांना आवरले हे मला कागदांत मिळाले. कोणत्या शब्दांत आवरले ते मिळाले नाही. ते वाक्य माझे आहे." आपले वाक्य एका ऐतिहासिक स्त्रीच्या नावावर गावभर फिरत आहे, याचा त्यांना झालेला त्रास त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

पुढे जे कळले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. कादंबरीच्या शेवटी जोडण्यासाठी त्यांनी अकरा पानांचे टिपण लिहिले होते. कोणता प्रसंग कागदपत्रांवर उभा आहे, कोणता दोन उल्लेखांमधील जागा भरण्यासाठी रचला, कोणते पात्र पूर्णपणे कल्पित आहे, हे सर्व त्यात होते. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर नागपूर दरबारातील इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेंकिन्स याच्या सांगण्यावरून लिहिली गेली. साहजिकच इंग्रजांशी झालेली १८१७ ची सीताबर्डीची लढाई आणि त्या वेळचे राजे आप्पासाहेब भोसले यांची कारकीर्द यांविषयी तिच्यातला मजकूर किती पारखून घ्यावा लागला, आणि यादव माधव काळे यांच्या १९३४ च्या 'नागपूर प्रांताचा इतिहास' या ग्रंथाचा कोठे आधार झाला, हेही त्यांनी नोंदवले होते. पाने वाढली की किंमत वाढते, या कारणाने प्रकाशकांनी ते टिपण गाळले. पावणेपाचशे पानांच्या ग्रंथाला आणखी अकरा पानांचा भार का व्हावा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी वेगळे मत मांडले. कादंबरी ही कादंबरी म्हणूनच वाचावी, असे टिपण जोडले की वाचक प्रत्येक प्रसंगाचा पुरावा मागू लागेल आणि वाचनातील रंग उडेल, असे त्यांचे म्हणणे. ही भीती निराधार नाही आणि खुद्द लेखकांनाही ती काही अंशी पटत होती. परंतु टिपण शेवटी असले तर कथा अनुभवून झाल्यावरच वाचक तेथे पोहोचतो. ज्याला नको त्याने ते उघडू नये.

१८७१ मध्ये 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हापासून मराठी माणसाने ऐतिहासिक कादंबरीवर भरभरून प्रेम केले आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या मनातला इतिहास तिनेच घडवला आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून पहिल्या रघूजींची तलवार मिळवली, त्यानंतर भोसल्यांविषयी विचारणारी तरुण मुले आमच्या ओळखीतही वाढली. त्यांच्या हाती बखर किंवा काळ्यांचा ग्रंथ आधी पडत नाही, कादंबरी पडते. लेखकाने कल्पनेला मोकळीक द्यावी, त्याशिवाय बाकाबाई आमच्यासमोर जिवंत उभ्या राहिल्याच नसत्या. मात्र त्या मोकळिकीचा हिशेब पुस्तकातच असावा, एवढेच आमचे मागणे आहे.

त्या संध्याकाळी लेखकांकडे टिपणाची मूळ प्रत होती. चहा आणि सांबारवड्या होईपर्यंत आमच्यातील दोघांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून तिच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि प्रत्येकाने त्या आपापल्या पुस्तकात ठेवल्या. दुसऱ्या आवृत्तीत हे टिपण छापावे, अशा विनंतीचे एकवीस सह्यांचे पत्र प्रकाशकांना पाठवले आहे. आपल्यालाही एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत ऐतिहासिक कादंबरीचे परीक्षण येते तेव्हा पृष्ठसंख्या आणि किंमत यांच्या शेजारीच, पुस्तकाला लेखकाचे संदर्भटिपण आहे किंवा नाही, हेही एका ओळीत छापावे.

आपली नम्र,
वाचक मंडळाची एक सभासद,
प्रतापनगर, नागपूर