किल्ली माझ्याच हातात ठेवणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण माझ्या गाडीच्या कामाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, पुरणपोळ्यांचा डबाही काकूंनी निम्मा भरूनच परत पाठवला. मग उरलं हे पत्र. काल आईला शेजारी बसवून डेट्रॉइटहून टोलीडोपर्यंत जाऊन आले. हायवेवर सत्तर मैलांच्या वेगात आम्ही मायलेकी आवाज न चढवता बोलत होतो. त्या गाडीत हे कधी शक्य होईल असं मला वाटलं नव्हतं.

माझी कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार, १९७२ची, सेंट लुईसच्या कारखान्यातली. पुढे आणि मागे दोन्हीकडे क्रोमचे बंपर असलेलं ते शेवटचं वर्ष. कारखान्यातून ती निघाली तेव्हा इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूंचे एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर टाकणारे पाइप, थेट मागपर्यंत वेगवेगळे जायचे, मध्ये एकमेकांशी संबंध नाही. आत घुमणाऱ्या आवाजावर उपाय म्हणून एका गॅरेजने दोन्हींना जोडणारी आडवी नळी टाकली. घुमणं तर जाईलच, वर वीस हॉर्सपॉवर मिळतील, असं छातीठोक सांगितलं. घुमणं गेलं नाही, उलट नेमकं हायवेच्या वेगाला येऊन बसलं. त्या वेगाला पायाखालचा तळ थरथरायचा आणि अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागायचं. शिवाय नळी गिअरबॉक्सखाली सगळीकडून वेल्ड करून टाकलेली. उद्या गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर कापण्यावाचून मार्ग नाही.

तक्रार घेऊन गेले तेव्हाचा राग अजून गेलेला नाही. गाडी माझ्या नावावर, पैसे माझे, प्रश्न मी विचारलेला, आणि उत्तर प्रत्येक वेळी माझ्या नवऱ्याकडे बघून. दुसऱ्या एका ठिकाणच्या मेकॅनिकने किल्ली मागून घेतली, एकटाच चक्कर मारून आला आणि "जुन्या गाड्या अशाच असतात" म्हणून वाटेला लावलं.

तुमच्या दारात गाडी उभी केली तेव्हा मी सवयीने किल्ली पुढे केली. तुम्ही ती घेतली नाहीत. "गाडी तुझी आहे, तू चालव. मी ऐकतो," असं म्हणून शेजारच्या सीटवर बसलात. त्या सीटवर बसायला तुमच्या गुडघ्याला किती त्रास झाला ते मी पाहिलं. गाडी इतकी बुटकी, की धडधाकट माणसालाही वाकून आत शिरावं लागतं. नंतर कितीतरी वेळ तुम्ही डोळे मिटून बसलात, एक शब्द बोलला नाहीत. मध्येच विचारलंत, "तुला नेमका कुठे त्रास होतो? कानात, की छातीत?" काका, हे मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगते ते खरं आहे असं धरून कोणीतरी पहिल्यांदाच सुरुवात केली होती. घरी येऊन मी रडले, हे तुम्हाला आज सांगते.

परत येताना तुम्ही दोन्ही हातांनी मांडीवर ताल धरून दाखवलात: डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. इंजिनाच्या दोन बाजूंचे आठ सिलिंडर पेटण्याचा क्रम. एकूण ठोके सारख्या अंतराने पडतात, पण एकेका बाजूला कुठे दोन ठोके लागोपाठ येतात आणि कुठे मोठा खंड पडतो. म्हणून एकेकटा पाइप अडखळत बोलतो. आडवी नळी योग्य जागी असली तर एका बाजूचा दाब दुसरीकडे वाटला जातो, आवाज गोलसर होतो. "ताकद वाढेल असं मी सांगणार नाही," हेही तुम्हीच आधी बोललात. ते ऐकून माझा विश्वास बसला.

कामाचं सगळं सांगत बसत नाही. जुनी नळी काढलीत, पाइपवर काळ्या रंगाचा पट्टा मारून इंजिन तापवलंत, रंग जिथपर्यंत जळाला तिथे नवी नळी बसवलीत. तीही वेल्ड न करता क्लॅम्पने आवळून, पुढे कोणाला काढावीशी वाटली तर काढता यावी म्हणून. उतरवलेले जुने पाइपही फेकले नाहीत. "डावा", "उजवा" अशा चिठ्ठ्या चिकटवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हवाली केलेत.

पिंपरीत वेल्डिंग शिकलेला माणूस इतकी वर्षं या मोटारींच्या गावात राबला, तरी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी परवानगी विचारतो. कौशल्य बऱ्याच जणांकडे असतं. त्या दुकानांतही होतं, त्यांचं वेल्डिंग सुबकच होतं. पण समोरच्याचं ऐकून घ्यायचं, त्याच्या वस्तूत परत न फिरवता येणारा बदल करायचा नाही, जमणार नाही ते तोंडावर सांगायचं, अशी माणसं भेटली की परक्या मुलुखात राहण्याचं बळ येतं. माझ्या वडिलांना तुम्ही फार आवडला असता.

आणखी एक. आमच्या शेजारच्या आजोबांकडे जुनी मस्टँग गाडी आहे, तिचंही असंच दुखणं आहे. ते तुमचा नंबर मागत आहेत. तुम्हाला विचारल्याशिवाय मी दिलेला नाही. चालणार असेल तर कळवा, नाहीतर मीच त्यांना समजावते. गुडघ्याची काळजी घ्या, काकूंना नमस्कार.

कळावे, लोभ असावा.