समासातल्या त्या टिपेसाठी

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

कादंबरी छपाईला गेली आणि आपल्याला लिहिल्यावाचून राहवेना. आपल्याकडे काम आले होते ते मुद्रितशोधनाचे. आपण मात्र पुस्तक वाचलेत.

त्याआधी ज्यांनी ते वाचले, किंवा वाचल्यासारखे केले, त्यांच्याविषयी न बोललेले बरे, तरीही बोलतो. भविष्यातल्या एका हुकूमशाही राज्यात चौदा वर्षांचा मुलगा सरकारसाठी स्वतःच्याच आजोबांवर पाळत ठेवतो, हे कथानक ऐकून एका प्रकाशकांनी पाठलाग वाढवायला सांगितले, तर दुसऱ्यांना तो नक्की कोणाच्या बाजूचा, हे पहिल्याच प्रकरणात ठरवून हवे होते. ते ठरत नाही, म्हणून तर मी कादंबरी लिहिली!

भरतीच्या प्रसंगात अधिकारी छापील हमीपत्र पुढे सरकवतो आणि मुलगा सही करतो, असे मी लिहिले होते. तिथे समासात आपण पेन्सिलीने लिहिलेत, ‘छापील नको. मजकूर त्याच्याच हाताने लिहून घ्या, टोपणनावही त्यालाच निवडू द्या.’ खाली बारीक अक्षरात कारणही होते: पूर्व जर्मनीची गुप्तचर यंत्रणा, श्टाझी, आपल्या खबऱ्यांकडून सहसा असेच हस्तलिखित हमीपत्र घेत असे, आणि त्या खबऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. १९९२ पासून नागरिकांना स्वतःच्या फायली पाहता येऊ लागल्या, तेव्हा त्या टोपणनावांआड कित्येकांना आपलीच माणसे सापडली.

त्या टिपेने अख्खे प्रकरण फिरले. ज्या वळणदार अक्षरासाठी आजोबांनी त्याच्याकडून पानेच्या पाने गिरवून घेतली, त्याच अक्षरात तो आता त्यांच्याविरुद्ध हमी लिहून देतो; आणि त्याला धाक कोणीच दाखवत नाही, उलट ‘तुला काय वाटते?’ असे त्याला आयुष्यात पहिल्यांदा विचारणारा मोठा माणूस तो अधिकारीच असतो. त्यामुळे पुढे आजोबांना वाचवतानाही आपण कोणाचा तरी विश्वासघात करत आहोत, हे त्याच्या मनातून जात नाही.

बाकी सगळ्या दुरुस्त्या आपण लाल शाईने केल्या होत्या; ही एकच टीप पेन्सिलीने, म्हणजे पटली नाही तर मला खोडता यावी. जाणकारी असूनही दुसऱ्याच्या लेखनात अशी दबकत पावले टाकणारी माणसे विरळाच, आणि बऱ्याच पुस्तकांचे बरेपण त्यांच्यामुळेच टिकून असते.

श्रेयपानावर नाव नको, असे आपण बजावलेत, म्हणून इथेही ते लिहीत नाही. पुढचे हस्तलिखित मात्र सर्वांत आधी आपल्याकडेच पाठवीन. त्याला नाही म्हणू नये.

आपला कृतज्ञ,
एक लेखक