छायाचित्राखाली हेही छापा

‘न्यूयॉर्कच्या चाळींतले बालपण’ हा रविवार पुरवणीतील सचित्र लेख आवडला. छायाचित्रओळींबद्दल मात्र तक्रार आहे. पत्रकार-छायाचित्रकार जेकब रीसच्या छायाचित्रात जिन्याखाली एकमेकांना बिलगून निजलेली अनवाणी पोरे झोपेचे सोंग घेऊन बसवलेली आहेत, असे अभ्यासक मानतात. ओळीत त्याचा उल्लेख नाही. रीसचे मोल त्याने कमी होत नाही. या चाळींवरच्या त्याच्या 1890च्या पुस्तकाने लोकमत हलले आणि पुढे 1901च्या कायद्याने नव्या चाळींत प्रत्येक खोलीला खिडकी सक्तीची झाली. पण नंतरचा, बालमजुरांची छायाचित्रे काढणारा लुईस हाईन पाहा. कामकरी मुलाची उंची तो आपल्या जाकिटाच्या गुंड्यांवरून मापायचा, खिशातल्या वहीत वय, मजुरी टिपायचा. ती टिपणे चित्राइतकीच बोलतात.

2019च्या महापुरात आम्ही शाळेतल्या छावणीत होतो. बिस्किटाचा पुडा मिळाल्यावर माझा पुतण्या खुदकन हसला, तर कॅमेरावाल्याने त्याला पुडा खाली ठेवून, मान पाडून पुन्हा उभे केले. छापून आले ते दुसरे चित्र, तेही बिननावाचे. चित्र कसे टिपले, एवढी एक ओळ आपल्या दैनिकाने तरी छापावी.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर