बोटीवर झगमगाट वाढला, खुणेचे दिवे मात्र मंदच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी मासेमारीबंदी उठण्याआधी कोकणातल्या बंदरांत बोटींची डागडुजी जोरात चालते. अलीकडे त्यात एका नव्या खर्चाची भर पडली आहे. केबिनभोवती लाल-निळ्या एलईडी पट्ट्या लागतात, डेकवर दोन-चार फ्लडलाइट चढतात. आपली बोट कुठल्या दिशेने चालली आहे हे समोरच्याला सांगणारे दिवे मात्र तेच, काचा पांढुरक्या पडलेले आणि वायरीला टेप गुंडाळलेले.

टक्कर टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम होडीपासून मालवाहू जहाजापर्यंत सर्वांना लागू आहेत. खुणेचे दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लावायचे. धुके किंवा जोरदार सर असेल तर दिवसाही. इंजिनावर चालणाऱ्या १२ मीटरपेक्षा लहान होडीला सर्व बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा, नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा, एवढे पुरते. पांढरा दिवा लाल-हिरव्यापेक्षा किमान १ मीटर उंच हवा. १२ मीटर आणि त्याहून लांब बोटीला डोलकाठीवर पुढे रोखलेला २२५ अंशांचा पांढरा, बाजूला ११२.५ अंशांचे लाल व हिरवा, आणि मागे १३५ अंशांचा पांढरा दिवा लागतो. वल्ह्याच्या होडीला निदान चांगली टॉर्च हाताशी हवी.

दिवा घेताना दुकानात वॅट विचारले जातात. विचारायचे ते किती सागरी मैलांवरून दिसतो हे. १२ मीटरखालच्या होडीला बाजूचे दिवे १ मैल आणि पांढरा २ मैल, ही नियमाची किमान मर्यादा. आता हिशेब करा. जहाज १५ नॉट्सने, म्हणजे ताशी १५ सागरी मैलांनी, येते आहे, तुमची होडी ६ नॉट्सने समोरून जाते आहे. दोघांतले १ मैल अंतर तीन मिनिटांच्या आत संपते. एवढ्या वेळात मोठे जहाज थांबत नाही, धड वळतही नाही. म्हणून होडी १० मीटरची असली तरी बाजूचे दिवे २ मैलांचेच घ्यावेत. किमतीतला फरक डिझेलच्या एका कॅनपेक्षा फार नसतो. डब्यावर मैल आणि अंश छापलेलेच नसतील, तर तो दिवा शोभेचा समजावा.

सर्वांत जास्त घोटाळा जुन्या दिव्यात नवा एलईडी बल्ब बसवल्याने होतो. जुनी लाल-हिरवी काच तारेच्या बल्बसाठी बनवलेली असते. पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त आणि लाल कमी असतो, त्यामुळे हिरव्या काचेतून निळसर आणि लाल काचेतून मिणमिणता उजेड येतो. शिवाय काचेच्या खाचा तारेच्या जागेनुसार पाडलेल्या असतात. एलईडी तिथे नेमका बसला नाही, तर प्रकाश वर-खाली फाकतो आणि क्षितिजाच्या रेषेत कमी पडतो. एलईडी हवाच असेल तर अख्खा दिवाच एलईडीचा घ्यावा. स्वस्त एलईडीतले इलेक्ट्रॉनिक्स कधी कधी व्हीएचएफमध्ये (बोटीवरच्या संपर्काच्या रेडिओत) खरखर आणते, तेव्हा दिवे लावून आणि बंद करून चॅनेल १६ ऐकून पाहावे. खरखर वाढत असेल तर तो दिवा परत करावा.

एलईडीला बंदी आहे ना, असेही काही जण म्हणतात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली ती मासळी गोळा करण्यासाठी लावलेल्या झोतांवर. खुणेच्या दिव्यांशी तिचा संबंध नाही. उलट बॅटरीच्या दृष्टीने एलईडीच फायद्याचा. डोलकाठी, दोन बाजू आणि मागचा असे तारेचे बल्ब मिळून ८५ वॅट धरले, तर १२ व्होल्टवर ७ अँपियर जातात. ११ तासांच्या रात्रीत जवळजवळ ७८ अँपियर-तास. १०० अँपियर-तासांची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे पहाटेपर्यंत दिवे पिवळे पडणारच. एलईडीचे हेच चार दिवे ११-१२ वॅटमध्ये भागतात आणि रात्रभरात १० अँपियर-तासांच्या आसपास खातात.

वायरिंगकडे कोणी पाहत नाही, आणि बिघाड बहुतेक तिथेच असतो. इंजिनखोलीपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत बारीक वायर ओढली की वाटेतच व्होल्टेज गळते. तारेच्या बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले, तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. दिवा चालू ठेवून त्याच्या टोकाशीच मल्टिमीटर लावावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायर बदलावी. कल्हई केलेली तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची वायर बहुतेक बोटींना पुरते. पिळून टेप मारलेला जोड उघडला की आत हिरवी भुकटी दिसते. खारे पाणी वायरीच्या आतून हातभर पुढे गेलेले असते. तेवढा तुकडा कापून, लग (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा जोड) दाबून, वर गरम करून आवळणारी नळी चढवावी. प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज ठेवावा, नाहीतर एका शॉर्टने सगळी बोट अंधारात.

मासेमारी चालू असताना ट्रॉलरला (जाळे मागे ओढत नेणाऱ्या बोटीला) वर हिरवा, खाली पांढरा. बाकी जाळ्यांना वर लाल, खाली पांढरा. जाळे १५० मीटरहून दूर गेले असेल, तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. ट्रॉलिंग संपवून बंदराकडे परततानाही वरचे दोन दिवे तसेच ठेवण्याची सवय फार आहे. जहाजाला वाटते, याचे जाळे पाण्यात आहे, आणि ते त्या हिशेबाने वळते. जाळे बोटीवर आले की हे दिवे बंद. नांगर टाकून झोपताना सर्व बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा हवाच, विशेषतः जहाजांच्या वाटेजवळ.

फ्लडलाइटशिवाय मासळी निवडता येत नाही, हे मान्य. पण त्याला टोपण लावून झोत डेकवरच पाडावा आणि बोट चालू लागली की तो विझवावा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा एक पांढरा पडदा ती घालवतो. केबिनमध्ये मंद लाल दिवा ठेवावा. शोभेच्या पट्ट्यांबद्दल नियम स्पष्ट आहे: खुणेच्या दिव्यांशी गोंधळ होईल किंवा टेहळणीत अडथळा येईल असा कोणताही दिवा लावायचा नाही.

समोरून येणाऱ्या जहाजाचे दोन पांढरे दिवे एकावर एक सरळ आणि खाली लाल-हिरवा दोन्ही दिसले, तर ते थेट आपल्यावर येते आहे. उजव्या बाजूने येणाऱ्या बोटीचा लाल दिसला, तर वाट आपण द्यायची. आपली दिशा स्थिर ठेवून त्या दिव्याची रेघ केबिनच्या खांबाशी जुळवावी; दिवा खांबावरून हलत नसेल आणि मोठा होत असेल, तर टक्कर ठरलेली. शंका आली तर टॉर्चने पाच किंवा जास्त जलद झोत द्यावेत. मोठ्या जहाजाच्या नाळेपुढचा ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्याच्या ब्रिजवरून (जहाज चालवण्याच्या कक्षातून) दिसत नाही, हे ध्यानात ठेवून नाळेपुढून आडवे जाऊच नये.

रात्री पाण्यात पडलेल्याचे डोके वीस-पंचवीस मीटरवरही सापडत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवे, त्यावर चकाकणारी पट्टी, शिट्टी आणि छोटा दिवा हवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवावा.

मच्छीमार संस्थांना एक सूचना. हंगाम सुरू होण्याआधी एका संध्याकाळी बोटी खाडीत दिवे लावून उभ्या कराव्यात आणि एका होडीने प्रत्येकीभोवती फेरी मारावी. अगदी समोरून लाल-हिरवा दोन्ही, थोडे बाजूला सरकले की एकच, बाजूच्या मागे साधारण २२ अंश गेल्यावर तो विझून मागचा पांढरा, असे दिसले पाहिजे. तिरप्या केबिनवर ठोकलेले दिवे, जाळ्याच्या ढिगाआड गेलेले दिवे, सुताराने उलटसुलट बसवलेले लाल-हिरवे, सगळे त्या एका फेरीत सापडतात. समोरून दोन्ही रंग फार रुंद पट्ट्यात मिसळत असतील, तर दिव्यामागची फळी काळ्या मॅट रंगाने रंगवून पुढे थोडी वाढवावी.

आपला,
बोटींच्या विद्युत जोडणीचे काम करणारा एक वाचक, रत्नागिरी